अंदाजाची खिडकी

ऑनलाइन गेम खेळणाऱ्या माणसाला आपण हरलो असं कधीच वाटत नाही, त्याला नेट हरलं असं वाटतं. या एका समजुतीवर तेजल वायकोळेचं दुकान नाशिकमध्ये नऊ वर्षं सुखानं चाललं होतं. गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, टीव्हीमागे नाहीतर देवघराच्या फळीवर कोंडून ठेवलेला राउटर मोकळ्यावर आणायचा, गेमच्या यंत्राला वायफाय काढून जाड केबल लावायची. शेजारपाजारच्या राउटरांनी भरून टाकलेला चॅनल सोडून रिकामा पकडायचा आणि घरात कुणी सिनेमा लावला तरी गेमची माहिती रांगेत सगळ्यांच्या पुढे जाईल अशी सोय करून द्यायची. एवढ्यानं निम्मी तक्रार मिटते. उरलेली निम्मी गिऱ्हाइकाच्या बोटांत असते, पण ते तोंडावर सांगायचं नसतं.

तिचे वडील डिगंबर वायकोळे, म्हणजे अप्पा, भुसावळला एकटे राहत. लोको शेडमध्ये फिटर म्हणून त्यांची हयात गेली आणि हयातीतली प्रत्येक संध्याकाळ रेल्वे इन्स्टिट्यूटच्या टेबल टेनिसच्या टेबलावर गेली. तेजल तिथेच शिकली. सात वर्षांची असताना टेबल उंच पडायचं म्हणून अप्पा तिला लाकडी खोक्यावर उभं करत. त्या टेबलाचे दोन नियम होते. खेळताना बोलायचं नाही, हा पहिला. टेबल सोडलं की गेम गेला, हा दुसरा. कारण काही का असेना. अप्पा एकदा फायनल जिंकत आले होते आणि शेडमधून तातडीचं बोलावणं आलं. त्यांनी रॅकेट खाली ठेवली, समोरच्याशी हात मिळवला आणि ड्युटीवर निघून गेले. दुसऱ्याच्या नावाचा कप पुढे वर्षभर इन्स्टिट्यूटच्या कपाटात होता, पण त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही.

आई गेल्यावर बापलेकीचं फोनवर बोलणं सुकून गेलं. जेवलात का, झोप झाली का, यापलीकडे गाडी सरकेना. दोघंही एकमेकांवर जीव टाकणारी, पण जीव टाकणं वेगळं आणि बोलणं वेगळं. शेवटी तेजलनं शक्कल लढवली. दोन्ही घरांत तिनं ऑनलाइन टेबल टेनिस बसवलं. डोळ्यांवर चष्मा चढवला की समोर टेबल दिसायचं आणि टेबलापलीकडे माणूस. मुठीत सेन्सर असलेली खरी रॅकेट, दंडावर एक पट्टा. रोज सकाळी सात वाजता गेम, रविवारी दोन, सात आणि सव्वानऊ. खेळताना बोलायचं नाही हा नियम असल्यामुळे काय बोलायचं हा प्रश्नच उरला नाही. अप्पांनी फिरकी टाकली की तिला कळे, स्वारी आज खुशीत आहे.

अडचण एकच होती, भुसावळची लाइन. ऐन रंगात आलेल्या रॅलीत ती तुटायची आणि गेमच्या पाटीवर अक्षरं यायची, 'अप्पांनी टेबल सोडलं.' गेम तेजलला. असं आठवड्यात चार वेळा झालं तेव्हा अप्पांनी स्वतःहून फोन केला. आवाजात राग नव्हता, लाज होती.

"टेबल मी नाही सोडलं, वायरनं सोडलं," ते म्हणाले. "पन पाटीवर नाव माह्यं लागते ना."

हे वाक्य तेजलच्या काळजाला लागलं. आणि त्याच दिवाळीत 'हस्तवेध' नावाचा राउटर बाजारात आला.

हस्तवेधची करामत समजून घ्यायला आधी थोडं गणित पाहू. नाशिकहून निघालेला रॅकेटचा इशारा कुठल्या कुठल्या केंद्रांना वळसा घालून भुसावळला पोचायला सेकंदाचा पंचविसावा भाग घेतो. लाइन वाईट असली तर पाचवा भागसुद्धा. टेबल टेनिसचा चेंडू या टोकाकडून त्या टोकाला जायला साधारण सेकंदाचा तिसरा भाग घेतो. म्हणजे वाईट लाइनीवर तुम्ही मारलेला फटका समोरच्याला दिसेपर्यंत चेंडू अर्धं टेबल ओलांडून गेलेला असतो. वेग वाढवून हा उशीर पुरता जात नाही, कारण तारेतल्या प्रकाशालाही अंतर कापावंच लागतं. मग हस्तवेध बनवणाऱ्यांनी उलटा विचार केला. इशारा लवकर पोचवता येत नसेल तर तो लवकर ओळखू या.

माणसाचा फटका मनगटात सुरू होत नाही. आधी मेंदू ठरवतो, मग खांदा किंचित सरकतो, मग दंड ताणतो आणि सगळ्यात शेवटी मनगट वळतं. दंडावरचा पट्टा तो ताण पकडतो आणि मनगट कुठे जाणार हे राउटर आधीच समोर कळवून टाकतो. पन्नासेक गेम झाले की त्याला आणि समोरच्या राउटरलाही तुमचा हात पाठ होतो. किती पुढचं ओळखायचं, ते ठरवण्यासाठी एक पट्टी दिलेली होती, तिला म्हणायचं अंदाजाची खिडकी. सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत खिडकी उघडली तर राउटर हात वाचतो. त्याहून जास्त उघडली की वाचायला काही नसतंच, मग तो हात आठवतो. म्हणून कंपनीनं तिथे कुलूप घातलं होतं. शिवाय एक शांतता-कळ होती. रॅकेटकडून दोन सेकंद काहीच आलं नाही तर गेम थांबवायचा.

तेजलनं दोन्ही कुलपं काढली. हा तिचा रोजचा उद्योग होता, त्यात तिला काही पाप वाटलं नाही. खिडकी सताड उघडली, शांतता-कळ बंद केली. अप्पांना चष्म्यातली बटणं सापडत नसत, म्हणून गेमच्या प्रत्येक ठरलेल्या वेळी राउटरनं आपण होऊन टेबलावर हजर व्हावं असंही लावून दिलं. गेमच्या नियमाप्रमाणे दोन्ही टोकांना सेटिंग सारखं लागतं, त्यामुळे स्वतःच्या राउटरवरही तेच केलं.

त्या दिवसापासून अप्पांनी एकदाही टेबल सोडलं नाही. लाइन तुटो, वीज झपकन जाऊन येवो, पलीकडून चेंडू येतच राहिला. अप्पा जिंकायला लागले. तो जुना बॅकहँड, जो चेंडूला खालून असा कापायचा की समोरचा बघत राहायचा, तो परत आला. अप्पांच्या हाताला म्हातारपण ठाऊकच नाही, असं ती गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायची.

फेब्रुवारीत एकदा अप्पांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. त्यांचे जुने जोडीदार इस्माईल तडवी, ज्यांच्याबरोबर त्यांनी उभं आयुष्य डबल्स खेळलं आणि जे शेजारच्याच घरात राहत, ते जानेवारीपासून सुरतेला लेकाकडे गेले होते, त्यामुळे गल्ली सुनी वाटते म्हणाले. मग त्यांनी विचारलं.

"तेजू, ते मशीन मधात काही करते का गं?"

"काय करणार?"

"काल माह्या हाताले मुंग्या होत्या. रॅकेट उचलली, पन मारली असं वाटलं नाही. तरी चेंडू गेला."

तेजलला कळायला हवं होतं. ती या धंद्यातली होती. पण बापाला त्याच्या जिंकण्यात वाटा दुसऱ्याचा आहे हे सांगायचं तिच्या जिवावर आलं. तिनं हसून वेळ मारून नेली.

"तुमचाच हात आहे, अप्पा," ती म्हणाली. "तारेच्या उशिराला थोडा टेकू देतं, बाकी सगळं तुमचं."

"मंग ठीक आहे," अप्पा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. लेकीचा शब्द म्हणजे त्यांच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ होती.

एप्रिलमधला तो रविवार उजाडला तो उकाडा घेऊनच. सात वाजता तेजल चष्मा लावून उभी राहिली, पलीकडे अप्पा हजर. त्यांची सवय होती, सर्व्हिस करण्याआधी चेंडू तळहातावर तीन वेळा टपटप करायचा. तसा केला आणि गेम सुरू झाला. इंदिरानगरच्या एका गिऱ्हाइकाचा राउटर रात्रीपासून बंद पडला होता आणि ते गिऱ्हाईक कानातल्या फोनवरून तिचं डोकं खात होतं. त्याला कुठला दिवा लाल आहे, कुठली वायर काढायची हे सांगता सांगता गेम संपला. अकरा-आठ, अप्पा जिंकले. साडेसात झाले होते.

आठला पाच कमी असताना तडवीकाकांचा फोन आला. सुरतेहून ते पहाटेच्या गाडीनं उतरले होते आणि नानखटाईचा पुडा द्यायला अप्पांकडे गेले. हाका मारून दार उघडेना, तेव्हा त्यांच्याकडच्या किल्लीनं उघडून आत शिरले. अप्पा मोरीच्या वाटेवर पडलेले होते. उजवी बाजू गेलेली, तोंड वाकडं, शब्द फुटत नव्हता. अँब्युलन्स बोलावली आहे, जळगावला नेतो, असं काका म्हणत होते.

 तेजलच्या तोंडून पहिलं निघालं ते हेच, की आत्ता साडेसातला तर अप्पा माझ्याशी खेळले, जिंकलेसुद्धा.

 "मंग आत्ताच झालं म्हनायचं," तडवीकाका म्हणाले. "खुदा मेहेरबान. डॉक्टरले हेच सांगतो, बेटा."

तिनं हाताला येतील ते कपडे पिशवीत कोंबले. भाड्याची गाडी मिळायला वेळ गेला. नाशिकरोड स्टेशनकडे निघाली तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि तेवढ्यात जळगावच्या रुग्णालयातून मेंदूविकारांच्या डॉक्टर शहनाझ पिंजारी यांचा फोन आला. बाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. मेंदूच्या एका रक्तवाहिनीत गाठ अडकली आहे, त्यांनी सांगितलं. गाठ विरघळवणारं इंजेक्शन आहे, पण त्याला वेळेचं बंधन आहे. झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत दिलं तर माणूस चालत घरी जाऊ शकतो. उशीर झालेला असला तर मेंदूचा तो भाग आधीच मेलेला असतो, आणि मेलेल्या भागात औषधानं रक्त सुटलं की माणूस तासाभरात जातो. स्कॅनमध्ये आत्ता रक्तस्राव दिसत नव्हता. प्रश्न एकच होता.

"तुम्ही त्यांना धडधाकट असं शेवटचं कधी पाहिलंत? मला अंदाज नको, वेळ हवी."

"साडेसात," तेजल म्हणाली. "उजव्या हातानंच खेळत होते. बॅकहँड मारले."

मग भरपूर वेळ आहे, डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांच्याही आवाजात सुटकेचा निःश्वास होता. दहा मिनिटांत इंजेक्शन देतो. तेजलनं फोनवरच संमती दिली, ती नोंदली गेली. तिनं डोकं मागे टेकलं. देवानं वेळेवर तडवीकाकांना पाठवलं, असं तिच्या मनात आलं आणि इतक्या वेळचं रडू आत्ता कुठे फुटलं.

फोन किणकिणला. डोळे पुसून तिनं पाहिलं. गेमचा निरोप होता, रोज येतो तसा.

'अप्पा टेबलावर आले आहेत.'

सव्वानऊ वाजले होते. रविवारचा दुसरा गेम.

तिला आधी काही कळलंच नाही. निरोप जुना असेल, चुकून आला असेल, असं म्हणत तिनं तो उघडला. फोनच्या पडद्यावर टेबल आलं आणि टेबलापलीकडे अप्पा उभे होते. पाय नेहमीसारखे फाकलेले, डावा खांदा किंचित पुढे. त्यांनी चेंडू तळहातावर तीन वेळा टपटप केला आणि तिच्याकडे बघत थांबले. जळगावच्या रुग्णालयात पलंगावर आडवा पडलेला, उजवा हात उचलू न शकणारा तो माणूस इथे सर्व्हिस करायला सज्ज होता.  तिनं फोन मांडीवर उपडा टाकला, जणू तो भाजला. गाडीवाल्यानं आरशातून पाहिलं आणि ताई, बरं वाटत नाही का, म्हणून विचारलं. 

मग तिच्यातली कारागीर जागी झाली. तिनं भुसावळच्या राउटरची नोंदवही उघडली. प्रत्येक गेमची नोंद तिथे असते: शंभरातले किती फटके खेळाडूच्या हातानं मारले आणि किती अंदाजानं. ही नोंदवही गिऱ्हाइकांना दाखवायची नसते, कारण ती पाहून कुणालाच आनंद होत नाही. स्वतःच्या घरची नोंदवही उघडावी असं तिला सहा महिन्यांत एकदाही वाटलं नव्हतं.

आज सकाळी सात वाजता. खेळाडूचा हात: शून्य.

म्हणजे अप्पांनी आज रॅकेट उचललीच नव्हती. सात वाजले, ठरल्याप्रमाणे राउटर टेबलावर गेला आणि पाठ झालेला हात खेळून अकरा-आठनं जिंकून आला. तेव्हा अप्पा मोरीच्या वाटेवर पडलेले होते. किती वेळापासून, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि तिनं डॉक्टरांना सांगितलं होतं, साडेसात.

डॉक्टरांचा फोन लागेना. दुसऱ्यांदाही लागला नाही. तिनं तडवीकाकांना फोन केला आणि काका, धावत जा, इंजेक्शन थांबवा, एवढंच ओरडली. काकांनी का म्हणून विचारलं नाही. चपलांचा फटफट आवाज आला, कुणीतरी आत जाऊ नका म्हणून अडवलं, काका त्याच्यावर खेकसले, आणि मग फोन डॉक्टरांच्या हातात गेला.

"लवकर सांगा. सिरिंज भरून ठेवलेली आहे."

"मी सांगितलेली वेळ खोटी आहे," तेजल म्हणाली.

"साडेसातला ते तुमच्याशी खेळले म्हणालात ना?"

"ते नव्हते."

"मग कोण खेळलं?"

"राउटर," तेजल म्हणाली.

डॉक्टर पिंजारींनी त्यावर काही विचारलं नाही, हे त्यांचे उपकार. त्यांनी फक्त कुणालातरी ते परत ठेवा म्हणून सांगितलं आणि फोन तडवीकाकांकडे गेला. तेजल गाडीत बसून राहिली. स्टेशन आलं होतं. गाडीवाल्यानं दोनदा सांगितलं तेव्हा ती उतरली.

जळगावला पोचेपर्यंत दुपार टळली. मधल्या वेळात अप्पांचा एमआरआय झाला होता आणि मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक तार वर नेऊन ती गाठ ओढून काढली होती. हा उपाय उशिराही करता येतो, पण गमावलेला मेंदू त्यानं परत येत नाही. झटका रात्री एक-दोनच्या सुमाराला आला असावा. इंजेक्शन दिलं असतं तर आपण आत्ता वेगळ्या खोलीत बसून बोलत असतो, असं डॉक्टर म्हणाल्या. अप्पा जगतील. उजवा हात बहुधा जाणार. बोलणं किती परत येईल ते आज सांगता येणार नाही.

तेजल आत जाऊन अप्पांना पाहून आली. ते झोपलेले होते. चादरीवर ठेवलेला उजवा हात तिनं दोन्ही हातांत घेतला. त्याला वजन होतं आणि ऊब होती, पण तो तिच्या हातात हात देत नव्हता. तिला तिथे उभं राहवेना. बाहेर बाकावर बसलेल्या तडवीकाकांच्या मांडीवर तो नानखटाईचा पुडा अजून तसाच होता, आपण तो इथवर आणला हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. घरातलं काय काय पाहिलं ते त्यांनी तिला सांगितलं. स्वयंपाकघरात सगळ्या डब्यांची झाकणं नुसती टेकवलेली. सगळ्या सदऱ्यांच्या गुंड्या कायमच्या लावून ठेवलेल्या, सदरे डोक्यातूनच घालायचे-काढायचे. आणि रॅकेट पलंगाशी खुंटीला, कव्हरात.

संध्याकाळी डॉक्टरांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. एमआरआयमध्ये त्यांना आजच्या झटक्याखेरीज आणखी काही सापडलं होतं. पाच बारीक जुने व्रण, वेगवेगळ्या वेळचे. गेले काही महिने छोटे छोटे झटके येत होते आणि दर वेळी उजवा हात थोडा थोडा निकामी होत होता. त्यातला पहिला कळला असता तरी दोन गोळ्यांवर पुढचे सगळे टळले असते. घरात कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही, हे त्यांना समजत नव्हतं.

"आम्ही रोज खेळत होतो," तेजल म्हणाली. स्वतःचं वाक्य ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तिनं सगळं सांगितलं. खिडकी, कुलूप, शांतता-कळ, फेब्रुवारीतला तो फोन. मुंग्या आल्याचं अप्पांनी सांगितलं होतं आणि आपण तुमचाच हात आहे म्हणून त्यांची बोळवण केली, हेसुद्धा. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या हातावर ठेवला नाही, ती म्हणाली. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. त्यांनी दोष दिला नाही आणि धीरही दिला नाही. त्यांना ती नोंदवही हवी होती. हात कुठल्या महिन्यात किती गेला ते दिवसागणिक लिहून ठेवलेलं असेल तर पुढच्या उपचाराला त्याचा उपयोग होता. असली नोंद आजवर एकाही पेशंटनं आणून दिलेली नाही, असंही त्या म्हणाल्या.

तेजलनं फोनवरून नोंदवही त्यांच्या पडद्यावर पाठवली. नोंद जोडीची असते, एका गेमला दोन टोकं, म्हणून दोन रकाने उमटले. माथ्यावर नावं नव्हती, नुसते राउटरांचे क्रमांक होते. दिवाळीपासून आजपर्यंतच्या तारखा एकाखाली एक. डॉक्टरांनी चष्मा सारखा केला आणि वरून खाली वाचायला सुरुवात केली. नव्वद. अठ्ठ्याऐंशी. संक्रांतीच्या सुमाराला सत्तर. मग पन्नास. मार्चमध्ये तीस, कधी वीस, आणि शेवटच्या तीन आठवड्यांत एक आकडी. त्या मधूनच कागदावर टिपून घेत होत्या. एका जागी थांबून त्यांनी तारखेखाली रेघ ओढली, इथे मोठा झटका आलेला दिसतो म्हणाल्या, एका आठवड्यात निम्मा हात गेला.

तेजलला त्यांच्या खांद्यावरून नीट दिसत नव्हतं. ती उठून पडद्याजवळ गेली.

डॉक्टरांनी पेन उजव्या रकान्यावर ठेवलं. "हाच पेशंटचा ना? दोन्ही घसरले आहेत, पण हा जास्त वेगानं घसरला आहे. शेवटचे तीन आठवडे तर हात जवळजवळ नाहीच."

तेजलनं माथ्यावरचा क्रमांक वाचला. तो तिला पाठ होता. तिनं तो पुन्हा एकदा, एकेक आकडा करत वाचला.

"डावा अप्पांचा," ती म्हणाली. "हा माझा आहे."

डॉक्टर पिंजारींनी वळून तिच्याकडे पाहिलं. मग तिचा उजवा हात धरला, बोटं एकेक करून दाबून पाहिली, मूठ वळायला लावली. त्या खरोखरच काळजीत पडल्या होत्या. मुंग्या येतात का, वस्तू हातातून पडतात का, कधीपासून त्रास आहे, असं त्यांनी विचारलं.

"काही त्रास नाही," तेजल म्हणाली. "मी फोनवर असायचे."